शिवणकामाच्या टेपने घोडी मोजताना

टेप दीडशेवर संपली.
अम्मीची टेप, पिवळी, कडा खडूने पांढुरलेल्या,
आजवर तिनं नवऱ्यामुलींच्या ब्लाउजांची छाती मोजली,
शबनमच्या तंगाच्या जागी मात्र कमी पडली.
उरलेलं मी बोटांनी मोजलं. चार बोटं.
"आठ धर," डॉक्टर पाठारेबाई म्हणाल्या.
खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत एकशे चाळीस.
गुणाकार कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर केला,
भागाकार गणपतीच्या सोंडेपाशी येऊन थांबला:
दोनशे चौऱ्याण्णव किलो.

अब्बांचा डोळा म्हणत होता, चारशे.
चाळीस वर्षांचा डोळा.
राबोडीत कुणी त्या डोळ्याला खोटं म्हणत नाही.
अब्बा काही बोलले नाहीत,
फक्त म्हणाले, "नवरदेवाचं वजन कधी कुणी विचारत नाही."

बाई हसल्या. नळी हातात घेतली,
दांडीवरची कडी फिरवून तीनशेच्या खुणेवर आणली, घट्ट केली.
"तोंडात चंदी आहे का बघ. असली तर आधी काढ,
नाहीतर घासाबरोबर औषधही थुंकेल."
मी गालात बोट घातलं.
हरभऱ्याची दोन टरफलं, ओली, गरम.

मग नळी कोपऱ्यातून जिभेच्या मागं,
हनुवटी वर धरून, गिळेपर्यंत.
शबनमनं माझ्याकडं असं बघितलं
जसं ती बँडवाल्याकडं बघते
तो कानाशी येऊन ट्रम्पेट फुंकतो तेव्हा.

तरी एक पांढरा थेंब पडलाच.
टिकली कुत्री नाक पुढं करून आली.
"हाकल तिला!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या
की शेजारच्या गॅरेजातला पाना खाली पडला.
घोड्याच्या मापाचं कुत्र्याच्या पोटात गेलं तर, म्हणाल्या,
पुढचं मला बघवणार नाही.
मी थेंब राखेत घोळला, कागदात बांधला.

सुलतानला आज काहीच नाही.
त्याची लीद मागच्या आठवड्यात डब्यातून नेली होती,
उपवनला पोरांना फिरवून आल्यावरची, ताजी.
अंडी मोजली, थोडीच निघाली.
"सगळ्यांना एकदम देऊन टाका ना," अब्बा म्हणाले,
"पैसे मी देतो."
"गरज नसताना दिलं तर
तुम्ही जंतांना शाळेत घालताय, चाचा.
शिकलेले जंत मग कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत."

अब्बांनी माजिवड्याच्या पार्टीला फोन लावला.
"आज घोडी नाही. उद्या मिळेल.
नाही, आजारी नाही. दवा दिलीय, आराम."
पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं.
अब्बा ऐकत राहिले, खुरापाशी उकिडवे बसून,
नंतर आगाऊ पैसे परत करतो म्हणाले.
अब्बांना पैसे परत करताना मी पाहिलं नव्हतं.

गेल्या साली नळी एकच होती.
अर्धी शबनमला. उरलेली फेकायची कशाला,
म्हणून शिंगराला.
चार महिन्यांचं होतं ते.
आत जंत भरलेले, सगळे एकदम मेले,
दोऱ्यांचा गुंता आतड्यात अडकला.
रात्रभर ते पोटाकडं वळून बघत राहिलं,
जणू पोट दुसऱ्याच कुणाचं आहे.
सकाळी कळव्याच्या खाडीवरून वारा येत होता,
आणि तबेल्यात फक्त शबनम हुंकारत होती.

बाईंनी तेव्हा विचारलं नव्हतं, आजही नाही.
एवढंच सांगून गेल्या:
पुढचं शिंगरू झालं की आधी मला बोलवा,
डोळ्यानं ठरवू नका.
आठवडाभर लीद रोज उचला,
चाऱ्यापासून लांब टाका.

वरातींच्या वहीत मी लिहिलं:
शबनम, २९४, तारीख, औषधाचं नाव.
वरच्या ओळीत एक नवरदेव होता, चंदनवाडीचा,
खालच्या ओळीत अजून कुणी नव्हतं.

अब्बांनी विचारलं, माझ्याकडं न बघता:
"त्याचं किती भरलं असतं?"

खुंटीवर छोटी मोरकी अजून आहे.
टेप माझ्याच हातात होती.
तेव्हाही घरातच होती,
मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली.

"अंदाजे..." मी म्हणाले, आणि तो शब्द
पुढं नेता येईना.

अम्मी आतून हाक मारत होती, टेप दे गं,
नौपाड्याच्या बाईचा ब्लाउज आज द्यायचाय.
मी टेप ओल्या फडक्यानं पुसली.
घोडीचा वास काही गेला नाही.