ए ते एफ

लक्ष्मीपुरीत चौगुल्यांच्या रंगाच्या दुकानात
माळ्यावर बसून मी एक पहारेकरी लिहिला.
एका ओळीचा.
डोक्यावर टोपी, म्हणजे सुरुवात इथूनच.
मग हॅश.
मग चौकटी कंसात शून्य ते नऊ, ए ते एफ.
महिरपीत सहा, नाहीतर तीन.
शेवटी डॉलर : याच्यापुढं काही नको,
रिकामी जागासुद्धा.

तोवर त्या रकान्यात काहीही यायचं.
उचगावहून बंडा पेंटर लिहायचा,
‘गुळाचा, पण दुसऱ्या काहिलीचा.’
कळंब्याहून कुणी, ‘मागच्या वेळचाच, जरा हसरा.’
एकदा यंत्रानं आपल्या मनानंच काहीतरी ओतलं,
वीस लिटर,
ज्याला कुणी गिऱ्हाईक नाही.
बाहुबली चौगुले म्हणाले, ताई, कायतरी कडी लावा.

लावली.
गूळ आला : अवैध.
हसरा आला : अवैध.
शून्याऐवजी ओ टाकणारा एकजण
तीनदा परत गेला, चौथ्यांदा फोनवर भांडला.

दुपारी डबे पुसणारी सुगंधा माळ्यावर आली.
मी टाकू काय कायबी?
एका बोटानं शोधत शोधत तिनं टाकलं
ए, बी, ए.
आबा.
पहारेकऱ्यानं वाट दिली.
पडद्यावर एक फिकट हिरवा उमटला, करड्याकडं झुकलेला,
पूर ओसरल्यावर पंचगंगेच्या घाटाची
तळातली पायरी दिसते, तसा.
ती बघतच राहिली.
असलाच सदरा हुता त्यांचा, म्हणाली, मिलच्या कापडाचा.

मग आई टाकली.
लाल अक्षरं.
पुन्हा टाकली, मोठ्या लिपीत. लाल अक्षरं.
मी समजावलं, एफच्या पुढं कुंपण आहे,
‘आय’ चालत नाही.
अक्षराचं नाव बी आयच की, म्हणाली,
आणि हसली. मला हसता आलं नाही.
मी फक्त आकार तपासते, सुगंधा,
आत कोण आहे ते नाही :
हे मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं.

सहाला दुकान मिटताना
तिनं त्या बेवारस वीस लिटरांतला एक डबा मागितला.
चुलीमागच्या भिंतीला लावते.
बिलासाठी मी रंगाचा नंबर विचारला.
मोकळंच ऱ्हाऊ दे, म्हणाली.

मोकळा रकाना माझा पहारेकरी सोडत नाही.
ते बिल मी हातानं लिहिलं.