साल काढून

शलाका होस्टेलला गेली तेव्हा
काचेची टाकी माझ्या नावावर करून गेली.
फ्रिजवर कागद चिकटवलेला:
मंगळवारी उपास. बुधवारी वाटाणा, साल काढून.
मीठ नको.
‘मीठ नको’च्या खाली दोन रेघा,
कारण ती मला ओळखते.

बर्फी गोल पोटाची, डोक्यावर शेंदरी फेटा.
परवा उलटी तरंगत होती,
पोट वर, डोळे उघडे.
फोनवर मला नीट बोलता येईना.
बाबा, ती मेली नाहीये, शलाका म्हणाली,
तिला गॅस झालेत.

सकाळी अधिवेशनाचे कठडे,
बर्डीकडून रस्ता बंद, शिपाई म्हणतो फिरून जा.
फिरून गेलो. कानटोपी, थैली, गोकुळपेठ.
रेवताबाई निखाडेंच्या टोपलीत शेंगा, दवाने गार.
पावभर नको, म्हटलं, मूठभर. मासोळीसाठी.
‘काहून जी? लोकं मासोळी खाऊन राहिले,
तुम्ही मासोळीले खाऊ घालून राहिले!’
शेजारी सांभाराच्या जुड्या बांधणारा पोट्टा
हसता हसता जुडीच विसरला.

मग मी विचारलं, फवारलं कधी?

माझ्याच तोंडून निघालं आणि मलाच नवं वाटलं.
एकतीस साल कॉटन मार्केटजवळ दुकान,
बाटल्यांवरचे लाल, पिवळे, निळे त्रिकोण
झोपेतही ओळखायचो.
फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही
ते सांगायचोसुद्धा,
सुटे पैसे मोजता मोजता.
आणि घरी येऊन त्याच बाजाराची भाजी
पोळीत गुंडाळून खायचो.
रेवताबाईने एक शेंग मोडली, दाणे पाहिले.
‘तुमच्याच इथून तर न्यायचा आमचा पोरगा.
तुम्हालेच माहीत.’

पाणी कालच बादलीत काढून ठेवलेलं,
नळाच्या पावडरचा वास रात्रभरात उडावा म्हणून.
शेंगा धुतल्या. सोलल्या. दाणे परत धुतले.
दोन मिनिटं उकळी, मग गार पाणी,
मग चिमटीत धरून हलकेच दाब:
साल बोटांत, दाणा निसटून ओट्याखाली.
दुसरा दाणा.
त्याच्या दोन डाळी होतात, नखाने त्यांचे तुकडे,
ती तोंड उघडते तेवढे.

नलू दारात उभी.
‘माझ्या बाळंतपणात नव्हतं केलं एवढं.’
खरं आहे. तेव्हा कापसाचा हंगाम होता.

बर्फीने तुकडा घेतला, थुंकला,
तिरकी होऊन पाहिलं, परत घेतला.
उरलेलं तासाभराने चहाच्या गाळणीने काढलं,
नाहीतर पाणी नासतं. कागदावर तेही आहे.
गाळणी आता टाकीचीच झाली.

संध्याकाळी उरलेले दाणे घेऊन
नलू कढईकडे निघाली.
थांब, धुतो.
‘धुतलेत मी.’
परत धुतो.
ती काही बोलली नाही.
चाळणी पुढे केली.

रात्री साडेनऊला बर्फी सरळ.
मागे एक हिरवा धागा, बोटभर, लोंबकळत.
मी लगेच शलाकाला फोन लावला
आणि तिच्या बारावीचा निकाल
ज्या आवाजात अख्ख्या गल्लीला सांगितला होता
त्याच आवाजात सांगितलं:
झाली गं, झाली एकदाची.