पूल गळत नाही

दोन टाक्यांच्या मधली अडीच फूट जागा
ही बाल्कनीत जायची वाट होती.
धुतलेले कपडे घेऊन मी तिथूनच जायची,
ओस्त्रावात, सहाव्या मजल्यावर,
जिथे जानेवारीत चादरी पत्र्यासारख्या वाजतात.

डावीकडे त्याची टाकी, उजवीकडे माझी.
त्याचं पाणी जड, चुनखडीचं, त्यात भांडखोर पिवळे मासे.
माझं मऊ, चहाच्या रंगाचं,
तळाशी बदामाची पानं, वर सतरा निऑन टेट्रा.
एकतीस वर्षांच्या संसारात
पाणी तेवढं आम्ही कधी एक केलं नव्हतं.

खाण बंद झाली आणि बोहुमिर घरी बसला.
चोवीस वर्षं त्याने जमिनीखालचं पाणी वर फेकलं होतं;
पंप थांबला की माणसं बुडतात,
एवढं एकच शास्त्र त्याला पाठ.
एका दुपारी म्हणाला,
"पंपाशिवाय पाणी वर धरून दाखवतो."
मी म्हटलं, "आधी बाथरूमचा नळ."

जेवायच्या टेबलावर ॲक्रिलिकचे तुकडे आले,
कडा घासून घासून दुधाळ झालेले.
इंजेक्शनच्या सुईने तो सांध्यावर थेंब सोडायचा,
थेंब आपणहून फटीत धावायचा.
केशाकर्षण, म्हणाला,
लाजत लाजत नाव घ्यावं तसा.
सिलिकॉन वाळेस्तोवर घरभर व्हिनेगरचा वास.
खालच्या हावेल्काबाई दोनदा वर येऊन
आपल्या छताची चौकशी करून गेल्या.

पहिल्या रात्री पूल उभा राहिला:
उलटा खोका, दोन पाय दोन टाक्यांत.
नळीने आतली हवा ओढू लागला तसं पाणी
जिन्यावरच्या म्हाताऱ्यासारखं थांबत थांबत चढलं
आणि वर जाऊन
राहिलं.

सकाळी पाहतो तो खोका रिकामा.
फरशी कोरडी ठणठणीत.
"गळला," मी म्हटलं.
"हा पूल गळत नाही, द्राहो.
भोक पडलं तर यातलं पाणी बाहेर येत नाही.
बाहेरची हवा आत येते,
आणि पाणी मुकाट्याने आपापल्या घरी जातं."

मी बराच वेळ सांधे चाचपत बसले.
आमच्यातही कधीतरी असंच झालं असणार.
थेंबभर सांडलं नव्हतं.

दुसऱ्या पुलाआधी पाणी जुळवायचं होतं.
त्याने पिवळे मासे शाळेला देऊन टाकले,
झाकणाच्या बादलीतून, ट्रामने,
आणि येताना चालत आला.
मी बदामाची पानं काढली. सगळी नाही.
पाच आठवडे परीक्षानळीत थेंब मोजले.
"तुझं किती?"
"सहा. तुझं?"
"नऊ."
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
एवढं बोलणं आमचं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मार्चमध्ये पूल चढला तो चढलाच.
आता बाल्कनीत जाताना मला कमरेत वाकावं लागतं,
टोपली पुढे ढकलून,
डोक्यावर पाण्याचं पोट.
टेट्रा पुलाच्या तोंडाशी यायचे, वर बघायचे,
काहीतरी विसरल्यासारखे माघारी फिरायचे.
अकरा दिवस. बोहुमिर समोर खुर्ची टाकून.
बाराव्या सकाळी मोजले: माझ्याकडे सोळा.
एक त्याच्याकडे, दगडांच्या आडोशाला,
जणू जन्माचा तिथलाच.
कधी निघाला, मधोमध किती थांबला,
खाली फरशी बघून पोटात गोळा आला का,
कुणी पाहिलं नाही. आम्ही झोपलो होतो.

बाथरूमचा नळ अजून गळतो.
पुलाच्या माथ्यावर मात्र आठवड्याला
एक बुडबुडा साठतो, लिंबाएवढा;
तो वेळेवर काढावा लागतो, नाहीतर वाढत जातो.
शनिवारी मी नळी धरते, तो ओढतो.
कधी जास्त ओढलं जातं, तोंडात पाणी येतं,
तो वाटीत थुंकतो.
"कसलं लागलं?" मी विचारते.
"तुझ्याकडचं," म्हणतो,
"थोडं चहासारखं."