छाटला पाच वर्षं झाली

माझी जन्मतारीख एक जून.
गुर्जींनी घातलेली. वर्गातल्या अर्ध्या पोरी एक जूनच्या.
आई म्हणायची, तू झालीस तेव्हा
गड्ड्यातले आकाशपाळणे सुटे होऊन ट्रकात चढत होते.
म्हणजे जानेवारी सरता सरता.
किंवा फेब्रुवारी असेल.

‘छाट’ची तारीख मात्र मला पक्की ठाऊक आहे.
सतरा नोव्हेंबर, रात्री बारा वाजून एक मिनिट.
मी उद्याची पानं भिजत घालत होते.
वेणू, माझा भाचा, उंबऱ्यावर मोबाइल धरून बसलेला.
म्हणाला, मावशी, ऐक की,
ही बाई तुमचंच बोलालीय.

धोटा तिचं नाव. खरं काय, कुणास ठाऊक.
आवाज असा, की माग सुरू होताना
पहिले चार फेरे अडखळतो
आणि मग पळतो ते
शेजारच्या भिंतीवरची भांडी वाजेपर्यंत.

हजारातल्या दीडशे छाटल्यास, साहेब,
छाटलेल्या ओढल्या कुणी, ते सांग.

माझे हात थांबले.
तेवीस वर्षं विड्या वळते मी.
हात थांबले ते सासरे गेले तेव्हा,
आणि त्या रात्री.
छाट हा शब्द आमच्या सुपाबाहेर
कधी गेलेलाच नव्हता.
तो रस्त्यावर गेला, रिक्षात बसला,
अशोक चौकातल्या पोरांच्या तोंडी लागला.

आमच्या घरात तारखा पाळतात त्या गेलेल्यांच्या.
पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची.
म्हटलं, जन्मलेल्याची एक तरी पाळू.
दिनदर्शिकेवर दूध, सिलिंडर, नळ लिहिते,
तिथंच खाली, बारीक अक्षरात: छाट, एक वर्ष.

पहिल्या वर्षी एक क्रीमरोल. मी आणि वेणू, अर्धा अर्धा.
दुसऱ्या वर्षी राजेश्वरी, पद्माक्का, म्याकलांची सून,
सगळ्यांना खारी आणि पेढा.
पद्माक्का म्हणाली, गाण्याचा वाढदिवस? येडी काय बे तू?
आणि दुसरा पेढा घेतला.
तिसऱ्या वर्षी कारखान्यात नेले.
चेकर हुंडेकरींनी तोंडात टाकला, मग विचारलं, कशाचा?
म्हटलं, छाटचा.
त्या दिवशी माझा एकही कट्टा मागं आला नाही.

‘चौथा दिवस’चा वाढदिवस नऊ मे.
नळावरचं गाणं ते.
गेल्या साली नेमकं त्याच पहाटे तीनला पाणी आलं.
पिंपं भरता भरता मोबाइल खिडकीत लावला,
गल्लीतल्या सगळ्या बाया घागरी घेऊन
तिच्या ठेक्यावर वाकत होत्या, उठत होत्या.
कुणाला कळलंही नाही.

तीन वर्षं झाली, नवं काही नाही तिचं.
कुणी म्हणतं लग्न झालं. कुणी म्हणतं, पुण्यात
कुठल्याशा ऑफिसात हेडफोन लावून बसते,
लोकांच्या तक्रारी ऐकते.
वेणूही आता दुसऱ्याच कुणाचं ऐकतो.
मी विचारत नाही.
वळलेली विडी परत पान होते का?

परवा पेन्शनच्या कागदांसाठी गेले होते.
अंगठा उमटेना. पानांनी, कात्रीनं
रेघा कधीच पुसल्यात.
पोरगा बिचारा चांगला होता,
ओला फडका दिला, परत लाव म्हणाला,
परत लाव.
मग स्क्रीनकडे बघतच: मावशी, जन्मतारीख?

सतरा नोव्हेंबर, म्हटलं.

त्यानं कागद उलटला, पालटला.
इथं तर एक जून आहे.

मग विचारलंस कशाला, म्हटलं.
तो हसला. एक जूनच लिहिलं त्यानं.
लिहू दे.
येताना बेकरीत थांबले,
आज पाच क्रीमरोल घेतले.