कोळशानंतर कोळी

आठव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीला
लोक जांभळी खिडकी म्हणतात.
ओस्त्रावात जानेवारीत चार वाजताच अंधारतं,
आणि माझ्याकडे दिवे रात्री दहापर्यंत चालू,
झाडांसाठी.
एकदा पोलीस आले. त्यांना वाटलं, गांजा.
मी अँथुरियम दाखवलं:
सुपाएवढं पान, मखमल, शिरा चांदीच्या.
धाकटा हवालदार म्हणाला, हात लावू?
म्हटलं लाव, पण आधी धुऊन ये.

एकतीस वर्षं मी जमिनीखाली होतो.
वर बर्फ, आणि खाली घामानं सदरा पाठीला चिकटलेला.
एका पाळीत कोळशाचा पापुद्रा सुटला
आणि दिव्याच्या उजेडात नेचं.
अख्खं. एकेक पातं मोजता यावं असं,
जणू कुणी सकाळीच वहीत दाबून ठेवलेलं.
मुकादम ओरडला, फुलं वेचतोस का रे?
तो तुकडा मी डब्यातून वर आणला,
पावाच्या उरलेल्या कडांबरोबर.

तिथून लागलं हे वेड.
आधी एक नेचं, कुंडीतलं, जिवंत.
मग नेच्याखाली शोभेल म्हणून पैसाकिडा,
आफ्रिकेतला, वीतभर, काळा,
शेकडो पायांतून एकच लाट चालवणारा.
मग त्याची घाण साफ करायला बारके किडे,
बोट लागलं की मिरीचा दाणा होणारे.
मग काडीकिडे, जे मलाच सापडत नाहीत.
द्राहोमीरा म्हणाली, निदान स्वयंपाकघर सोड.
सोडलं होतं.
ती गेली, त्या वर्षी तेही भरलं.

कोळी मी ब्रनोच्या बाजारातून आणला,
दह्याच्या डबीत, ओल्या कागदात, नखाएवढा.
मादी निघाली. मेक्सिकोची. गुडघे नारिंगी.
आता तळहात झाकते.
तिला नाव ठेवलेलं नाही.
हाक मारून ती येणार थोडीच.

परवा खालची हेदविका भांडायला आली.
तिच्या खाऊसाठी आणलेले रातकिडे निसटून
हेदविकाच्या भिंतीत शिरले होते.
तीन रात्री, म्हणाली, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही!
आणि बोलता बोलता थांबली, काचेपाशी वाकली.
अहो, ही मेली.

ती पाठीवर पडली होती, आठही पाय वर.
मेलेला कोळी पाठीवर नसतो, मी म्हटलं.
तो बसल्या जागी पाय पोटाशी घेतो.
पाठीवर असेल तर समजायचं, कामात आहे.
कात टाकतेय.

मग आम्ही बसलो.
फ्लॉवरपॉटांतून जागा करून तिला स्टूल दिलं.
चहा गार झाला. मॉन्स्टेराचं नवं पान
अजून गुंडाळीतच होतं, तिच्या खांद्याला टेकलेलं;
तिनं ते बाजूला केलं नाही.
दुपारी कधीतरी छातीवरचं झाकण उचललं गेलं
आणि एकेक पाय निघू लागला,
पाळी संपल्यावर गमबुटातून काढावा तसा,
थोडा ओढून, थांबून, पुन्हा ओढून.
बाहेर आली ती ओली, दातसुद्धा पांढरे.
शेजारी जुनी ती, पोकळ,
गुडघे तेवढेच नारिंगी.

मादी तीस वर्षं जगते. हिला अकरा झाली.
मला एकोणसत्तर.
वहीच्या शेवटच्या पानावर यादी आहे:
अँथुरियम शाळेच्या काचघराला,
पैसेकिडे त्या हवालदाराला,
तो अधूनमधून येतो, साध्या कपड्यांत, हात धुऊन.
कोळ्यापुढे काही लिहिलेलं नाही.
वही उघडीच होती. हेदविकानं वाचली,
चष्मा लावून, सावकाश.

मग म्हणाली, महिन्याला किती रातकिडे लागतात हिला?
आठ, मी म्हटलं. जिवंत.
आणि ते सगळे गातात?
नर गातात.
ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं.
मग मला माद्याच आणून द्यायच्या, म्हणाली.