चार बोटं

लिलावात बाबांनी दोन ॲक्सल घेतले,
सैन्याच्या अडीच टनी ट्रकखालून उतरवलेले,
खरवडलेल्या हिरव्या रंगावर पांढरे पुसट आकडे,
एकेकाचं वजन आमच्या कालवडीएवढं.
अर्वोने ते क्रेनने ट्रेलरवर ठेवले
आणि विचारलं, "रेइनो, युद्ध कुणाशी?"
बाबा म्हणाले, "पलीकडच्या दलदलीशी."

मग नोव्हेंबर. सुपीरिअरवरून वारा सुटायचा
आणि कोठाराचा पत्रा रात्रभर बडबडायचा.
पिकअप चार ठोकळ्यांवर, चाकं काढलेली,
तिचे जुने ॲक्सल भिंतीशी
उसाच्या चिपाडांसारखे टाकलेले.

माझं काम बॅटरी धरणं.
बाबा बघतात तिथे उजेड,
बाबा आता बघतील तिथे उजेड,
आणि हात जरा ढळला की गाडीखालून आवाज,
"सेन्या, मला नट बघायचाय, तुझे बूट नाही."

लष्करी ॲक्सलमध्ये शाफ्ट वरच्या अंगाने शिरतो.
तो कोन त्यांनी खडूने फरशीवर काढला,
बुटाने पुसला, पुन्हा काढला.
आईची शिवणाची टेप नेली ती काळी करून परत केली.
स्प्रिंगांच्या बैठकी जोडताना म्हणाले, "भिंतीकडे बघ,"
आणि भिंतीवर माझी निळी सावली
उडत होती, विझत होती, परत उडत होती.

शनिवारी सौना.
अंगावरचं गिअर ऑइल साबणाला भीक घालत नाही,
वाफ चढली की नासक्या अंड्यासारखं जागं होतं.
आई नाक दाबून म्हणाली,
"आता फक्त ती गाडीच आत आणायची राहिलीय."

टायर आले, माझ्या हनुवटीपर्यंत.
एकेक उभा करायला आम्ही दोघं आणि एक पहार.
ते बसेनात म्हणून बाबांनी मडगार्ड कापले,
घरचा केक कापावा तसे, जीभ दातांत धरून.
सगळं झाल्यावर ती उभी राहिली.
आई दारातून बघत राहिली, बघत राहिली.
नाकापेक्षा मोती जड, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.
"मी चढू कशी यात?"
बाबांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं.

गाडी सुरू झाली. दारापाशी आली. थांबली.
टपाची आणि चौकटीच्या तुळईची गाठ पडली होती.
चार बोटं.
आजोबांनी बसवलेली तुळई, अख्ख्या मेपलची.
मापात पाप नव्हतं,
माप घ्यायचंच राहून गेलं होतं.

बाबांनी चारही टायरांतली हवा सोडली.
बराच वेळ फुस्स, फुस्स, आणि मग शांतता.
टायर जागचे हलले नाहीत.
तोफा वाहायच्या टायरांना आमच्या पिकअपचं ओझं
टोपीवर बसलेल्या माशीएवढं.

तेव्हा आई आत गेली आणि फोन करत सुटली.
अर्ध्या तासात कोस्कीबाई आल्या, दोघं सालमी भाऊ,
कुणीच ज्यांना कधी वजन विचारलं नाही ते पाद्री लम्पिनेन,
आणि अर्वो, खिशात उकडलेली अंडी घेऊन.
मागच्या हौद्यात सगळे एकमेकांवर आडवे,
पाद्री बॉनेटवर पालथे, दोन्ही हातांनी वायपर धरून.
"अजून एक हवा," बाबा ओरडले.
आईने हात पुसले आणि स्टुलावर पाय ठेवला.

मी बाहेर, बर्फात, बॅटरी वर धरून.
तुळई आणि टप यांच्या मधल्या फटीवर उजेड.
नीट धरला होता. त्या दिवशी एकदाही ढळला नाही.
गाडी मुंगीच्या पावलांनी आली, पत्रा किरकिरला,
मेपलची एक लांब सालपट टपावर पडली,
आणि आतल्या कुणीतरी हसू दाबलं ते दाबलं गेलं नाही.

मग सगळे उतरले, कॉफीला गेले.
लहानशा कंप्रेसरने हवा भरायला
संध्याकाळ लागली.
बाबा एका टायरापासून दुसऱ्याकडे फिरत राहिले
आणि गाडी, एकेका कोपऱ्याने,
बर्फातून वर येत राहिली.

दलदल त्या रात्री गोठली.
मार्चपर्यंत तिच्यावरून कुणीही, कशानेही गेलं असतं.