आडवा धागा

यंत्रमागाला एक काटा असतो,
बोटाएवढा, वाकडा.
आडवा धागा तुटला की त्याला कळतं
आणि माग आपोआप थांबतो.
काटा झिजला तर थांबत नाही.
खटखट तशीच, धोटा येतो जातो,
आणि विणली जाते नुसत्या उभ्या धाग्यांची चादर,
जिच्यातून हात आरपार जातो.

तीस वर्षं मी असे काटे बदलले
अशोक चौकाच्या मागच्या कारखान्यांत.
'जॉबर आला बे' म्हटलं की
मालकसुद्धा खुर्ची सरकवायचा.
मे महिना, वर पत्रा, चौदा माग चालू,
पंखा लावायचा नाही, तूस उडतं म्हणून.
हनुवटीवरचा घाम तेलाच्या डब्यात पडायचा.
सोलापूरचं ऊन आपल्याला काय करतंय,
असं सांगत फिरायचो.

आता एकाहत्तर.
पारा चव्वेचाळीसवर, आणि बनियन कोरडं.
मला वाटलं, बरंच की,
अंग एकदाचं सरावलं.
राजव्वा म्हणाली, तवापण कोरडाच असतो.

गेल्या वैशाखात इस्तारी गेला.
उन्हात नाही. रात्री साडेअकराला, घरात,
चटईवर, उशाशी तांब्या.
तांब्या काठोकाठ भरलेला होता,
हे मी कितीजणांना सांगितलं असेल.
त्या संध्याकाळी कट्ट्यावर
तो मला दोनदा 'मल्लेशम' म्हणाला,
मल्लेशम म्हणजे त्याचा भाऊ, कधीच वारलेला.
आम्ही हसलो.
मी त्याच्या पाठीत थाप मारली.
सदरा कोरडा, आणि गरम.
वाटलं, कट्टा तापलाय दिवसभर, त्याचंच.

नात सिव्हिलला नर्सिंग शिकते.
ती म्हणाली, ताता, या वयात तहान उशिरा लागते,
कधी लागतच नाही.
घाम कमी येतो, आला तरी वेळेवर येत नाही.
आतली ऊब कातडीपर्यंत आणून टाकायला
रक्ताला जोर लागतो, तो कमी पडतो.
त्यात तुमची बीपीची गोळी पाणी बाहेर काढते.
मी म्हणालो, म्हणजे काटा झिजलाय.
ती म्हणाली, कसला काटा?

राजव्वा अजून दिवसाला सहाशे विड्या वळते.
तिनं माठाच्या गळ्याला विडीचा दोरा बांधलाय.
मी एक पेला प्यालो की एक गाठ.
तीन वाजता आमचं भांडण:
मी म्हणतो सहा, दोरा म्हणतो चार.
ब्रँचमध्ये विड्या छाटतात
तसे ती माझे पेले छाटते,
'हा धरत नाही. अर्धा मोरीत ओतलास.'

लाइट जाते.
गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प.
ही शांतता मला कधीच आवडली नाही,
पोटात खड्डा पडतो.
कात्रीखाली पान कापल्याचा आवाज तेवढा.
मी आत कान लावून बसतो.
घशात कोरड आहे का? ओढ आहे का कसली?
काही नाही. इस्तारीलाही काही नसणार.

उठतो. गुडघा धरून उठतो.
तहान नसताना पाणी पिणं
ही आता माझी पाळी, सकाळची पण, रात्रीची पण,
आणि सुट्टी कुठल्याच वारी नाही.

राजव्वा, बघ, पूर्ण प्यालो,
पेला उलटा करून दाखवतो.
ती वर बघत नाही.
दोरा दातांनी तोडते,
म्हणते, अजून एक.